मुका म : जुन्या कीबोर्डच्या कामाच्या नोंदी

४ जून

कपाटाच्या माथ्यावरून कीबोर्ड खाली काढला. ६१ पट्ट्या, त्यात ३६ पांढऱ्या नि २५ काळ्या. दोन्ही टोकांना स्पीकर, खाली सेलचा कप्पा, मागे अडॅप्टर, पेडल आणि हेडफोनची भोकं, शिवाय मिडीची, म्हणजे दुसऱ्या वाद्याला किंवा संगणकाला जोडायची, पाच पिनांची दोन गोल भोकं. किती वर्षं वर पडून होता ते मोजत बसत नाही. खोळ झटकल्यावर मला लागोपाठ चार शिंका आल्या, एवढी नोंद पुरे.

माझं कुठलंही काम हातपाय पसरतं, म्हणून हद्द आधीच आखते. पहिलं, हा चालू करायचा. दुसरं, मधल्या सप्तकातला मुका म बोलता करायचा. तिसरं, पूर्वी वाजवायचे ती धून दोन्ही हातांनी, मागे ताल न लावता, पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवायची. नवा कीबोर्ड बघायचा नाही. जाहिरातीसुद्धा बघायच्या नाहीत.

मुक्या म बद्दल थोडं. कीबोर्ड वर जाण्याआधी दोन-तीन वर्षं त्याचं हे चाललं होतं. बोट हलकं ठेवलं तर आवाजच नाही. जोर लावला तर कधी येई, कधी नाही, आणि आला की अंगावर येई. उघडून बघावं असं तेव्हा सुचलं नाही. जोर लावायची सवय करून घेतली आणि वाजवत राहिले.

सा इथे पांढरी एक धरला आहे, म्हणजे म पांढरी चार. आणि 'पट्टी' हा शब्द या नोंदींत दोन्ही अर्थांनी येणार: बोटाखालची पट्टी आणि गाण्याची पट्टी. संदर्भाने ओळखावं.

५ जून

सेलचा कप्पा उघडला आणि स्वतःवरच चिडले. सहा मोठे सेल आतच विसरले होते. दोन फुटून पांढरी खपली धरलेली, एक स्प्रिंग हिरवट झालेली. अल्कलाइन सेलमधून झिरपतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्क. ते मारायला सौम्य आम्ल लागतं. हातमोजे घातले, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून खपलीवर टेकवलं. बारीक फसफस झाली. ती थांबेपर्यंत काड्या बदलत राहिले, मग ओल्या फडक्याने पुसलं आणि शेवटी अल्कोहोलने, म्हणजे पाणी उरायला नको. स्प्रिंगला बारीक पॉलिश पेपर मारल्यावर आतून धातू चमकला. एक पत्री मात्र इतकी खाल्ली गेली होती की चिमट्याने धरताच तुटली. तिच्या जागी जुन्या टॉर्चमधली पत्री कापून डाग दिला.

६ जून

मूळ अडॅप्टर हरवला आहे. घरात ९ व्होल्टचे तीन निघाले. पिन तिघांचीही बसते, आणि पिन बसली म्हणजे झालं असं समजून पुष्कळ कीबोर्ड मेले आहेत. भोकाशेजारी एक इवलंसं चित्र असतं: मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, एकाकडे अधिक, दुसऱ्याकडे वजा. माझ्या कीबोर्डात आतली पिन वजा आहे. तिन्ही अडॅप्टरांत आतली अधिक. लावला असता तर उलटी वीज थेट आत.

शिवाय मीटर लावून पाहिलं तेव्हा जड डबीवाला, ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर १२.८ व्होल्ट दाखवत होता. हा त्याचा दोष नव्हे. असे जुने अडॅप्टर मोकळे असताना जास्तच दाखवतात, भार पडला की खाली येतात. तरी मला धीर झाला नाही. सहा नवे सेल घातले. दीड गुणिले सहा, नऊ. झालं.

८ जून

चालू झाला! पडदा उजळला, स्पीकरने टप्प केलं. घरी आलेल्या भाच्याने मी काही बोलायच्या आत डेमोचं बटण दाबलं.

"मावशी, तू केवढं भारी वाजवतेस!"

"मी नाही रे, तो वाजवतोय."

"मग तू काय करतेस?"

उत्तर नव्हतं. तो डेमो तीनदा ऐकून, पट्ट्यांना हात न लावता घरी गेला. मी कागदावर ६१ चौकोन काढले आणि प्रत्येक पट्टी हलकी, मध्यम, जोरात अशी वाजवून खुणा केल्या. मधला म हलक्याला मुका, मध्यमला मुका, जोरात पाचांपैकी दोनदा. तार सप्तकातली काळी तीन थोडी किरकिरी. बाकी ठणठणीत. आवाजाची सरकपट्टी हलवली की खरखर येते, ते किरकोळ.

१० जून

उघडण्याआधी विचार केला, कारण एकदा उघडल्यावर मी विचार करत नाही.

दाबाप्रमाणे लहानमोठा आवाज देणाऱ्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली एक नाही, दोन स्विच असतात. पट्टी खाली जाताना एक आधी मिटतो, दुसरा किंचित नंतर. आतली चिप जोर मोजतच नाही, या दोहोंमधला वेळ मोजते. वेळ कमी म्हणजे बोट वेगाने आलं, म्हणजे आवाज मोठा. आपण ज्याला दाब म्हणतो तो यंत्राच्या लेखी नुसता वेग असतो.

६१ पट्ट्यांचे १२२ स्विच. पण चिपकडे १२२ तारा जात नाहीत. स्विच आडव्या-उभ्या ओळींत गुंफलेले असतात आणि चिप एकेक ओळ भरभर विचारत फिरते. त्यामुळे उघडण्याआधीच निदान करता येतं. ठराविक अंतराने अनेक पट्ट्या मुक्या असतील तर एक अख्खी ओळ गेली, म्हणजे तार किंवा सांधा. एकटीच मुकी असेल तर तिच्याखालचा संपर्क घाण झालाय. माझा म एकटा आहे. बरं वाटलं.

१४ जून

उघडला. सकाळी सुरू केलं, दुपार कधी झाली कळलं नाही.

तळाला ३१ स्क्रू, दोन लांबीचे. खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्डच्या तळाचं चित्र काढलं आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी टोचत गेले. ही युक्ती पूर्वी एका घड्याळाचे स्क्रू हरवून शिकले आहे. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या प्लॅस्टिकला आतून फोड येतो, तो कायमचा.

तळ उचलताना हळू. सेलच्या तारा तळाला, स्पीकरच्या वरच्या भागाला, दोन्हींमध्ये वीतभर ढील. पुस्तकासारखं उघडून मध्ये उशी ठेवली. पट्ट्यांची सगळी चौकट वेगळ्या स्क्रूंनी धरलेली. ती मोकळी करून उलटी केली तेव्हा रचना दिसली. पट्ट्या सुट्या नसतात, फण्यांसारख्या जोडलेल्या असतात. सा-ग-प-नी एका फणीत, रे-म-ध दुसरीत, पाच काळ्या तिसरीत. तीन फण्या एकमेकींत सरकवल्या की सप्तक तयार होतं. मी इतकी वर्षं ज्यांना शेजारी समजत होते ते ग आणि म वेगवेगळ्या घरांतले निघाले.

फण्यांखाली राखाडी रबराची पट्टी, सप्तकाला एक. तिला प्रत्येक पट्टीसाठी उंचवटा, उंचवट्याच्या पोटात कार्बनच्या दोन काळ्या गोळ्या, एक जराशी उंच, एक खोल. समोर सर्किट बोर्डवर कार्बनचेच काळे ठिपके, मधून चिरलेले. गोळी ठिपक्यावर टेकली की चीर जोडली जाते आणि विजेला वाट मिळते. आपलं सगळं संगीत या टेकण्यावर उभं आहे.

म च्या उंचवट्याखाली एक लांब केस वेटोळं करून बसला होता. माझाच असणार, तेव्हा माझे केस लांब होते. केसाभोवती तेलकट राखाडी साय. मीटर लावला. शेजारच्या ग ची गोळी ठिपक्यावर दाबली की विजेला होणारा विरोध शेकड्यांत येत होता, म ची दाबली की हजारांत, आणि आकडा स्थिर राहीना. अंगठ्याने कचकचीत दाबलं तेव्हा कुठे खाली आला. जोर लावला तर का वाजायचा, ते डोळ्यांसमोर होतं.

साफसफाई : आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, हलका हात. बोर्डवरचे ठिपके एकाच दिशेने पुसले. घासायचं नाही, कार्बनचा थर पातळ असतो, एकदा गेला की गेला. रबरातल्या गोळ्या तर अल्कोहोललाही दाखवल्या नाहीत. कोऱ्या कागदावर एकेक गोळी टेकवून हलकेच ओढली. कागदावर पुसट काळी रेघ उठते, ती उठली की नवा पृष्ठभाग वर आला. सगळ्या १२२ ओढल्या. चाळिसाव्यानंतर कंटाळा आला, ऐंशीनंतर मजा. पेन्सिलीचं शिसं गोळीला फासण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी ते करणार नाही. चार दिवस चालतं आणि त्याची भुकटी पुढे शेजारच्या ठिपक्यांवर सांडते.

जोडून, ३१ स्क्रू लावून, उठले तेव्हा मान धरली होती. वाजवून बघायचा धीर उद्यावर टाकला.

१५ जून

म बोलतो! आणि ध दोनदा बोलतो.

एकदा दाबला की टक-टक. मी कपाळावर हात मारला, कारण चूक माझीच असणार हे कळत होतं. पुन्हा ३१ स्क्रू. रबराच्या पट्टीला मागून बारीक खुंट्या असतात, त्या बोर्डच्या भोकांतून चिमट्याने ओढून घ्याव्या लागतात. ध जवळची एक अर्धीच आली होती, त्यामुळे तिथला रबर पोट फुगवून बसला होता. ओढली. बसली. या वेळी सगळे स्क्रू लावण्याआधी वाजवून पाहिलं.

सरकपट्टीत स्वच्छतेच्या स्प्रेचा एक फवारा मारून ती तीसेक वेळा वर-खाली केली. खरखर गेली.

१६ जून

सकाळी उठल्यावर आधी म. अगदी मांजराच्या पावलाने बोट ठेवलं, तेवढाच मऊ आवाज आला. कागदावरच्या ६१ चौकोनांत आता सगळीकडे तीन-तीन खुणा. कामाचे पहिले दोन भाग संपले.

आतली पिन वजा असलेला अडॅप्टर मिळाला. त्यावर वाजवलं की स्पीकरमधून बारीक घूं येतो, सेलवर एकदम शांत. म्हणजे दिवसा अडॅप्टर, रात्री सेल.

२० जून

पेडल लावलं आणि सगळं उलटं : पाय ठेवला की सूर तुटतो, उचलला की लांबतो. अर्धा तास तारा तपासल्या. कारण इतकंच की कीबोर्ड चालू करताना माझा पाय पेडलवर होता. चालू होताना तो पेडलची जी अवस्था बघतो तिलाच 'सोडलेलं' समजतो, कारण काही पेडलं दाबल्यावर जोडतात, काही दाबल्यावर तोडतात. पाय बाजूला, बंद, चालू. ठीक.

२२ जून

आज काम नाही, नुसतं ऐकलं.

शंभराहून जास्त आवाज आहेत, त्यांतले कामाचे सात. इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, व्हायब्रोफोन हे चांगले. जे आवाज मुळातच विजेचे किंवा धातूचे, ते यंत्राला साधतात. बासरी आणि व्हायोलिन ऐकून कीव येते.

पण त्या व्हायोलिनमध्येच दिवसातली सगळ्यात मजेदार गोष्ट सापडली. एकेक पट्टी चढत वर गेले तर सुरातलं कंपन हळूहळू जलद होत जातं, आणि एका पट्टीवर अचानक पुन्हा संथ होतं. तिथून पुन्हा जलद. कारण आत प्रत्येक पट्टीचं वेगळं ध्वनिमुद्रण नसतं. एकच सूर मुद्रित करून तो वेगाने फिरवून चढवलेला असतो, आणि सुराबरोबर वाजवणाऱ्याच्या बोटाचं कंपनही जलद होतं. जिथे ते एकदम संथ होतं तिथे दुसरं मुद्रण सुरू. कान लावून माझ्या व्हायोलिनचे सांधे मोजले. पाच सप्तकांत सहा.

मग दुसरा प्रयोग. ऑर्गन लावला, पेडल दाबून धरलं आणि खालून एकेक पट्टी वाजवत गेले. ३२ सूर साचले. तेहतिसावा वाजवला आणि सगळ्यात पहिला, खर्जातला, गुपचूप निघून गेला. ६१ पट्ट्या, ३२ गळे.

२९ जून

ताल लावून वाजवलं. ताल, बास आणि डाव्या हाताच्या एका बोटावर अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. माझ्या कीबोर्डात मूळ स्वराची एकच पट्टी दाबली की मेजर, तिच्या डावीकडची जवळची काळीही दाबली की मायनर. दोन मिनिटांत एखाद्या समारंभातल्या वादकवृंदासारखा थाट होतो. खरंच होतो, नाकारण्यात अर्थ नाही. आणि पाच मिनिटांनी भाच्याचा प्रश्न आठवतो.

या आयत्या तालांना नाकं मुरडणाऱ्यांत मी होते, पण त्यांतल्या एकाने मला गप्प केलं आहे. कॅसिओच्या १९८१ सालच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डात 'रॉक' नावाचा एक ताल होता. तो बसवला ओकुदा हिरोको यांनी. त्या तेव्हा कंपनीत नव्याने लागलेल्या होत्या आणि विद्यापीठात रेगे या जमैकाच्या संगीतावर अभ्यास करून आलेल्या. १९८५ साली जमैकात गायक वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी तोच ताल, त्याच कीबोर्डातला, संथ करून एका गाण्याखाली घातला, आणि तिथल्या संगीताची वाट संगणकी वाद्यांकडे वळली. पुढे त्या एका चालीवर शेकडो गाणी झाली. म्हणजे बटणात कुणीतरी माणूस बसलेला असतो.

तरी माझा नियम कायम. ही धून होईपर्यंत तालाचं बटण बंद. नुसते ठोके देणारा मेट्रोनोम चालेल.

५ जुलै

डावा हात ढ आहे. उजव्याने धून वाजवताना डाव्याने नुसते सा-प-सा' मोडून वाजवायचे, चार ठोक्यांत. ठोके ६० वर ठेवले तर जमतं, ७२ वर उजव्याचा ताल डावा उचलतो. रोज चार ठोके वाढवायचे आणि दुसऱ्या दिवशी दोन कमी करून सुरू करायचं, असं चाललंय.

रात्री हेडफोन लावून वाजवते. बाहेरून ऐकणाऱ्याला नुसता पट्ट्यांचा खडखडाट ऐकू येतो, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. त्या खडखडाटावरून मी कुठे अडखळले ते घरच्यांना कळतं असं दिसतं, कारण सकाळी सांगतात.

वजन पाचेक किलो. परवा वीज गेली तेव्हा काखोटीला मारून गच्चीत नेला, मांडीवर घेतला आणि अंधारात वाजवला. अंधारात काळ्या पट्ट्याच आपल्याला घरी आणतात. दोनची जोडी, तीनची जोडी, बोटांनी चाचपायची. दोनच्या डाव्या अंगाला सा, तीनच्या डाव्या अंगाला म. पियानो असा काखेत येत नाही, आणि ज्यांना फक्त पियानोच वाद्य वाटतं त्यांना गच्चीतला अंधार माहीत नाही.

९ जुलै

ऑर्गनवर सा आणि ग एकत्र धरून ठेवले. सूर स्थिर राहत नाही, आत काहीतरी भरभर थरथरतं. कंपनाचा परिणाम बंद केला तरी तेच. सा आणि प धरले तर जवळजवळ स्तब्ध, सेकंदाला एखादीच संथ लाट.

हिशोब करून पाहिला. ध ४४० हर्ट्झला लावलेल्या कीबोर्डात मधला सा २६१.६३ हर्ट्झ. शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३२७.०४. पण कीबोर्ड सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, प्रत्येक पट्टी मागचीच्या १.०५९५ पट, त्यामुळे त्याचा ग ३२९.६३ वर जाऊन बसतो. सा चा पाचवा उपस्वर (मूळ कंपनांची पाचपट) आणि ग चा चौथा एका जागी यायला हवे, ते सेकंदाला दहा कंपनांनी चुकतात. ती थरथर तीच. पंचम दीडपट हवा, ३९२.४४. कीबोर्डचा ३९२.००. तिथे फरक नावापुरता.

ही चूक नाही, किंमत आहे. ती मोजल्यामुळेच ट्रान्स्पोजचं, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारं, बटण दाबून पांढरी एकमधली धून काळी तीनमध्ये नेता येते आणि बोटांना पत्ताही लागत नाही. सप्तकातले सूर एकेक करून हलवायची सोय काही कीबोर्डांत असते, माझ्यात नाही. मी सा-ग एकत्र फार वेळ धरणं टाळते, एवढंच.

१३ जुलै

धून ७६ च्या लयीत शेवटपर्यंत गेली, दोन ठिकाणी अडखळून. कुठे काय होतंय ते कळावं म्हणून मिडीची तार संगणकाला लावली आणि मुद्रण केलं.

ती पाच पिनांची भोकं १९८३ पासून तशीच आहेत. त्या जानेवारीत सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलंड या दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात एका तारेने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजला. त्याआधी बहुतेक ज्याची तार त्यालाच. तारेतून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात : कुठली पट्टी आणि किती जोर. मधला सा म्हणजे ६०, म म्हणजे ६५. जोर १ ते १२७.

आकडे वाचले आणि चक्रावले. ग ६८. प ७१. रे ६६. म १०३. पुढच्या ओळीत म १०७. तिसऱ्या ओळीत, जिथे सगळं हळुवार जायला हवं, म ९८.

आधी वाटलं, साफ करताना काहीतरी बिघडवलं. एकाच उंचीवरून एक खोडरबर पाच-पाच वेळा पट्ट्यांवर टाकून पाहिला. ग, म, प तिन्ही सारखे आकडे देतात. पट्टी निर्दोष आहे.

१४ जुलै

प्रयोग एक. सरळ सप्तक वाजवताना म वर अंगठा येतो आणि अंगठा जड असतो. म्हणून पूर्वीची पाच बोटांची वरखाल रे पासून वाजवली, म्हणजे म वर मधलं बोट. म ९४, बाकीचे सत्तरच्या आसपास. अंगठा निर्दोष.

प्रयोग दोन. धून दोन पट्ट्या वर सरकवून, म्हणजे रे ला सा मानून वाजवली. आता धुनेतला मध्यम प च्या पट्टीवर आला. त्याचा जोर ७४. म्हणजे धूनच तिथे जोर मागते असंही नाही.

प्रयोग तीन. बोटं मूळ जागी, पण ट्रान्स्पोज दोनने वर. म च्या जागेतून प चा सूर येतो, पडद्यावर ६५ च्या जागी ६७. जोर ९६. सूर कुठलाही असो, ती जागाच जोर खाते.

रात्रभर डोक्यात तेच.

१९ जुलै

पट्टी दुरुस्त झाल्यावर शिकलेला एकच अभ्यास आहे, डाव्या-उजव्याचा एक आडवा-तिडवा पलटा, जूनअखेरीस घेतलेला. त्यात म सतरा वेळा येतो. मुद्रण केलं. सतराही वेळा ६७ ते ७५.

जुनी धून : १०१.

पलटा पुन्हा : ७०.

२६ जुलै

झाली. ८० च्या लयीत, दोन्ही हातांनी, पेडलसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न थांबता. वेळ, ३ मिनिटं ५ सेकंद. म हलका ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच्या आधीचा ग अडखळला, म्हणून तो नाद सोडला. मुद्रण जपून ठेवलं.

भाचा आज राहायला आला आहे. धून ऐकून म्हणाला, "मावशी, या वेळी तूच वाजवतेस ना?" शिकवायचं कबूल केलंय. त्याला स्वरांची नावं येत नाहीत, तो माझ्या बोटांकडे बघून उचलतो. मी एक ओळ वाजवायची, त्याने माझ्यामागून.

२ ऑगस्ट

भाच्याला पहिल्या दोन ओळी आल्या, उजव्या हाताच्या. चांगल्याच आल्या. बोटं इवलीशी, वेग भरपूर, लयीला पक्का. तार लावलेलीच होती, म्हणून त्याचंही मुद्रण केलं.

सा ६३, रे ६०, ग ६२, म ९७, प ६४.

मी बराच वेळ पडद्याकडे बघत होते.

"मावशी, चुकलं का?"

"नाही रे. परत एकदा वाजव बरं."

दुसऱ्यांदा म ९९.